गावाचा इतिहास गावाच्या सभागृहातच बोलला जावा: आमच्या ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांस,

सविनय जय भीम आणि नमस्कार.

गेल्या मासिक सभेत आपण सभागृहाच्या वापराबाबत जो ठराव केला, त्यामुळे आमच्या स्थानिक इतिहास मंडळाची व्याख्यानमाला बंद पडल्यात जमा आहे. ठरावानुसार मंडळाने यापुढे प्रत्येक कार्यक्रमाचे भाडे भरायचे, व्याख्यात्याचे नाव आणि विषय पंधरा दिवस आधी कळवून मंजुरी घ्यायची, आणि ‘गावाच्या सलोख्यास बाधा येईल’ असा विषय ठेवायचा नाही. ठराव झाला त्याच आठवड्यात चावडीसमोरच्या फलकावर आम्ही खडूने लिहिलेली पुढच्या व्याख्यानाची सूचना पुसली गेली. विषय होता ‘१९१८: कोल्हापूर संस्थानातील महार वतनांचा शेवट आणि आपले गाव’. ते व्याख्यान झाले नाही. मंडळाने लेखी अर्ज दिले, त्यांची पोहोच आमच्याकडे आहे, उत्तर मात्र आलेले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ते गावाबाहेरही वाचले जाईल हे लक्षात घेऊन गावाचे आणि कोणाही व्यक्तीचे नाव यात घातलेले नाही. मला गावाची बदनामी करायची नाही. हा ठराव बदलून हवा आहे.

आपल्यापैकी काही सदस्य आमच्या कार्यक्रमांना येऊन गेले आहेत, काही कधीच आलेले नाहीत. म्हणून मंडळ काय करते ते आधी सांगते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, डेअरीला दूध घालून आणि जेवणे उरकून लोक सभागृहात जमतात. प्रवेशाला पैसे नाहीत, व्याख्यात्याला मानधन नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि एक श्रीफळ, एवढेच आम्ही देतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले, त्यावर एक व्याख्यान झाले. ब्रह्मपुरीत सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे, हे आमच्या मुलांना त्या रात्री प्रथम कळले आणि पुढच्याच रविवारी ती मुले आईवडिलांना घेऊन ती मूर्ती पाहून आली. मध्ययुगात कोल्हापुरावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या संस्कृत आणि जुन्या कन्नड शिलालेखांवर व्याख्यान झाले, तेव्हा हेर्ले आणि बामणी या आपल्याच जिल्ह्यातल्या गावांची नावे त्या लेखांमुळे अभ्यासकांना माहीत आहेत, हे ऐकून लोकांना नवल वाटले. सामानगड आणि भुदरगडावरच्या १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीच्या, बंडावर बोलायला आलेल्या अभ्यासकाला रात्री उशिरापर्यंत लोकांनी सोडले नाही.

पुरावरचे व्याख्यान तर आपणा सर्वांच्या उपयोगाचे ठरले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेले की पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली, हे जिल्ह्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. राधानगरीचे सातांपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले याची बातमी पावसाळ्यात घरोघरी ऐकली जाते. पण बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी असताना आपल्या कुंभारवाड्यात ते कुठवर येते, याची नोंद कोणाकडेच नव्हती. व्याख्यान संपल्यावर म्हाताऱ्या माणसांनी बॅटरीच्या उजेडात आम्हाला गल्ल्यांतून फिरवले. एका आजींनी आपल्या घराच्या चौकटीवर बोट ठेवून २००५ चे पाणी दाखवले, त्याच्या वर २०१९ चे दाखवले, आणि २०२१ चे दाखवताना म्हणाल्या, “ह्यावेळी मी भांडी आधीच माळ्यावर टाकली होती.” त्या खुणांचा नकाशा मंडळाने करून आपल्या कार्यालयात दिला आहे. तो आपल्या भिंतीवर लावलेला आहे, याचा आम्हाला आनंद आहे.

यातून एक गोष्ट आपल्या लक्षात यावी, आणि तीच या पत्रात मला मुख्यतः सांगायची आहे. आमचे व्याख्यान वक्ता बोलून गेला की संपत नाही. ज्या विषयावर सर्वांसमोर बोलले जाते, त्या विषयाचे कागद, फोटो आणि आठवणी पुढच्या काही दिवसांत घराघरांतून बाहेर येतात. ट्रंकेच्या तळाशी पडलेला कागद कोणी आपण होऊन इतिहास मंडळाला आणून देत नाही. त्याला वाळवी तरी लागते, दिवाळीच्या साफसफाईत तो बंबात तरी जातो, नाहीतर भंगारवाल्याच्या पोत्यात तरी. त्या कागदाला किंमत आहे हे घरातल्या माणसाला एखाद्या व्याख्यानात कळते, तेव्हाच तो वाचतो. मंडळाकडे आज ज्या मोडी कागदांच्या छायाप्रती आहेत, त्यांतला जवळजवळ प्रत्येक कागद कोणत्या ना कोणत्या व्याख्यानानंतर आला आहे. व्याख्याने थांबली तर हे येणे थांबेल, आणि पावसाळे काही थांबणार नाहीत. २०१९ च्या पुराने किती घरांतली दप्तरे चिखलात गेली, हे आपण साऱ्यांनी पाहिले आहे.

आता या विषयाशी माझा स्वतःचा संबंध सांगते. माझे माहेर आणि सासर याच गावचे. नोकरीसाठी रोज कोल्हापूरला जाऊन येऊन असले तरी राहणे इथलेच. माझ्या पणजोबांकडे गावची तराळकी, म्हणजे महार वतनाची गावचाकरी, होती. शेतसाऱ्याची रक्कम कचेरीत पोहोचवणे, अंमलदार आला की त्याच्या सरबराईला धावणे, वेशीची राखण, मेलेली जनावरे ओढणे, मयताची खबर परगावी नेणे ही कामे वतनाच्या तुकडाभर जमिनीच्या बदल्यात एकट्या पणजोबांनाच नव्हे, तर त्यांच्या साऱ्या भावकीला करावी लागत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही वतने खालसा केली, जमिनी रयताव्याने, म्हणजे इतर शेतकऱ्यांसारख्या सारा भरून कसायच्या म्हणून, त्याच कुटुंबांच्या नावे केल्या आणि सक्तीची चाकरी संपवली. संस्थानाबाहेर, मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना याच प्रश्नासाठी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणावे लागले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्यात व्हायला १९५८ साल उजाडले. आपल्या संस्थानातली माणसे त्या जोखडातून चाळीस वर्षे आधी सुटली, ही या मातीच्या अभिमानाची गोष्ट आहे.

आमच्या घरात त्या काळचा एक कागद होता. तो कोणाला वाचता येत नव्हता, फक्त तो जपायचा आहे एवढे आजी सांगत असे. मोडी वाचनावरच्या एका व्याख्यानानंतर मी तो मंडळात नेला. चार घड्या घातलेला तो कागद घड्यांवर फाटत चालला होता. आम्ही तो पांढऱ्या कापडावर उलगडला आणि कडांना हात न लावता फोटो घेतले. मोडी लिहिताना आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग अक्षरे तिच्याखाली लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे संपतो ते नवख्याला कळत नाही. मी त्या वेळी नुकतीच शिकत होते. ओळीवर बोट फिरवीत ज्येष्ठ सभासद वाचत गेले आणि तिसऱ्या ओळीत माझ्या पणजोबांचे नाव त्यांच्या वडिलांच्या नावासह आले. जमिनीच्या चतुःसीमा होत्या, साऱ्याचा आकार होता. चाकरीचा उल्लेख नव्हता. माझे वडील शेजारी बसले होते. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. फलकावरून पुसलेले व्याख्यान याच कागदावर आणि गावातल्या अशा इतर कागदांवर आधारलेले होते.

म्हणून आमची सर्वांत मोठी तक्रार विषयाच्या मंजुरीबद्दल आहे. सलोखा बिघडेल, या भीतीमागे आपला हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. गावात भांडण होऊ नये असे मलाही वाटते, कारण भांडण झाले तर त्याची झळ आधी आमच्याच वाड्याला लागते. परंतु या व्याख्यानात कोणत्या घराने कोणाला कसे वागवले, याची यादी वाचली जाणार नव्हती. वतन म्हणजे काय, त्यात गावाचा कारभार कसा बांधलेला होता, १९१८ मध्ये काय बदलले, हे सांगितले जाणार होते. त्याच वर्षी कुलकर्णी वतनेही बरखास्त झाली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी आले. म्हणजे हा विषय एका वाड्यापुरता नाही, गावाच्या चावडीचाच आहे. आपण दरवर्षी २६ जूनला शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार घालतो, आरक्षणाच्या १९०२ च्या जाहीरनाम्याबद्दल, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाच्या १९१७ च्या हुकमाबद्दल अभिमानाने बोलतो, आणि १९२० ची अस्पृश्यांची माणगाव परिषद आपल्याच जिल्ह्यात झाली हे पाहुण्यांना सांगतो. त्याच महाराजांनी १९१८ मध्ये आमच्या घरांसाठी काय केले, हे त्याच गावाच्या सभागृहात सांगायला मंजुरी का लागावी, याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे. व्याख्यानातले एखादे विधान कोणाला चुकीचे वाटले तर सभेत उठून विचारण्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे. अनेकदा श्रोत्यांनी वक्त्याला अडवले आहे, वक्त्याने कागद दाखवला आहे किंवा ‘तपासून सांगतो’ म्हटले आहे. इतिहासाच्या मतभेदांचा निकाल असाच लागतो. तो बोलण्याआधी कार्यालयात बसून लावता येत नाही.

भाड्याबद्दल थोडक्यात लिहिते. सभागृहाच्या देखभालीला खर्च येतो हे मान्य आहे. लग्नसमारंभांना भाडे असावे, याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. मंडळाला उत्पन्न नाही. वर्गणी वह्या, छायाप्रती आणि वक्त्याच्या प्रवासात संपते. विजेचा खर्च द्यायला आणि कार्यक्रमानंतर सभागृह झाडून द्यायला आम्ही तयार आहोत, झाडून तर आजवर देतच आलो आहोत. शहरात करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासून चालत आलेली संस्था आहे, विद्यापीठ आहे, सभागृहे आहेत. पण रात्री साडेनऊला व्याख्यान ऐकायला आमच्या गावच्या बायका कोल्हापूरला जाऊ शकत नाहीत. गावातले, उजेडातले, सर्वांच्या ओळखीचे सभागृह आहे म्हणून त्या येतात, बोलतात, आणि मंडळाला मिळालेल्या पुराच्या आणि दुष्काळाच्या आठवणींतल्या बहुतेक त्यांच्याच आहेत.

आणखी दोन गोष्टी अशा आहेत, ज्यांकडे आम्ही वारंवार लक्ष वेधले आणि ज्यांबाबत काहीच झालेले नाही. मारुतीच्या देवळासमोर पेव्हिंग ब्लॉक बसवताना तिथल्या वीरगळांभोवती, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांभोवती, काँक्रीट ओतले गेले आणि त्यांचा खालचा टप्पा जमिनीत गेला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली वीर कसा पडला ते कोरलेले असते, मधल्या टप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करीत असतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. आपल्या मोठ्या वीरगळाच्या खालच्या टप्प्यात गाई कोरलेल्या आहेत. म्हणजे गावची जनावरे वाचवताना हा माणूस मेला. ज्या टप्प्यावरून हे कळते तोच आता काँक्रीटखाली आहे. शेजारच्या दगडाला भक्तिभावाने ऑइल पेंट लावला आहे. ज्याने लावला त्याला मी दोष देत नाही, कारण रंगाने दगड खराब होतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगण्याची जागा आमची व्याख्यानेच होती. गटारीच्या कामात जेसीबीने उचलून ठेवलेली सतीशिळा अजून आडवी पडलेली आहे, आणि बांगड्या घातलेल्या हाताचा तिच्यावरचा भाग पावसाच्या पाण्यात बुडतो. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना १९७२ च्या पुरावशेष कायद्याने पुरावशेष मानले आहे, ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षेच पुरतात. आणि आपल्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१क ने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तराची. कार्यालयाच्या नूतनीकरणात जुनी रजिस्टरे पोत्यांत भरून मागच्या खोलीत टाकली आहेत आणि त्या खोलीचा पत्रा गळतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली होती, आणि आपल्याही गावातली माणसे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी वाचून घ्यायला मंडळाकडे आली होती. आम्ही जात न पाहता, पैसे न घेता त्या वाचून दिल्या. त्याच नोंदी आज भिजत आहेत. उद्या कोणाच्या घराला कोणता कागद लागेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

वरील सर्व लक्षात घेऊन आमच्या मागण्या अशा आहेत.

सभागृहाबाबतच्या ठरावातील भाडे आणि पूर्वमंजुरीच्या अटी इतिहास मंडळापुरत्या मागे घ्याव्यात आणि दुसऱ्या शनिवारची रात्र पूर्वीप्रमाणे मंडळाला मिळावी. विजेचा खर्च आम्ही भरू. विषय आणि वक्त्याचे नाव आम्ही माहितीसाठी आधी कळवू, मंजुरीसाठी नव्हे.

१९१८ च्या वतनांवरील व्याख्यान याच सभागृहात व्हावे. त्याला आपण सर्वांनी उपस्थित राहावे, ही मागणी नसून मनापासूनची विनंती आहे. ज्यांना आक्षेप आहे त्यांनी तो तिथे मांडावा, आम्ही तो ऐकून घेऊ आणि लिहूनही ठेवू.

वीरगळ आणि सतीशिळा यांबाबत पुरातत्त्व विभागाचा सल्ला लेखी मागवावा. तो येईपर्यंत त्या दगडांना रंग, सिमेंट किंवा यंत्र लागू नये. सतीशिळा मात्र लगेच, माणसांच्या हातांनी उचलून, पाणी साचत नाही अशा जागी उभी करावी. त्यासाठी लागणारी माणसे आमची तालीम मंडळे द्यायला तयार आहेत.

जुने दप्तर कोरड्या खोलीत हलवावे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या समक्ष त्याची यादी करण्याची परवानगी मंडळाला द्यावी आणि यादी होईपर्यंत एकही कागद निर्लेखित करू नये, म्हणजे निकामी ठरवून काढून टाकू नये. कागद कसे राखावेत याबाबत कोल्हापूरच्या पुरालेखागाराचे मार्गदर्शन घ्यावे. मूळ कागद ग्रामपंचायतीकडेच राहावेत. आम्हाला ते नको आहेत, ते टिकायला हवे आहेत.

शेवटची मागणी अशी की, हा सगळा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि मूळ ठरावाची प्रत मंडळाला द्यावी. गावाने ग्रामसभेत बसून, आमचे म्हणणे ऐकून, तरीही व्याख्याने नकोत असे ठरवले, तर आम्ही तो निर्णय लिहून घेऊ आणि पुढच्या ग्रामसभेत पुन्हा हाच विषय मांडू. परंतु बंद दाराआड झालेला आणि आम्हाला न विचारता केलेला ठराव आम्हाला मान्य नाही.

वतनांवर बोलणाऱ्या अभ्यासकांनी पुन्हा यायला होकार दिला आहे. त्यांना तारीख कळवायची असल्याने आपले लेखी उत्तर ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी मिळावे, ही विनंती.

आपली,
स्थानिक इतिहास मंडळाची एक सभासद
भोगावतीकाठ, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर